अनियतकालिकाचा वाचक : स्वतंत्र ब्लॉगलेखन, फीड रीडर आणि मराठी समीक्षा

प्रस्तावना

लेखक, कलाकृती आणि वाचक या तीन घटकांचा विचार साहित्यसमीक्षेत सातत्याने झालेला आहे. परंतु कलाकृती वाचकापर्यंत कोणत्या वाटेने येते, ती वाट कोण आखते आणि वाट बदलली म्हणजे वाचनाच्या स्वरूपात काय बदलते, हा प्रश्न मराठी समीक्षेने बहुधा ग्रंथव्यवहाराचा किंवा नियतकालिकांच्या इतिहासाचा भाग मानून बाजूला ठेवला. इ.स. २००० नंतरच्या पहिल्या दशकात मराठीत जे विपुल ब्लॉगलेखन झाले, त्याच्याकडे पाहताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. हे लेखन संपादकाशिवाय प्रसिद्ध झाले, वितरकाशिवाय पोहोचले आणि ग्रंथालयाशिवाय वाचले गेले. मग ते वाचकांना सापडले कसे? सापडल्यावर वाचक त्याच्याशी जोडलेले राहिले कसे? आणि ही जोडणी सैल झाल्यावर त्या लेखनाचे काय झाले?

या प्रश्नांकडे वळण्यास एक निमित्त घडले. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी साठोत्तरी काळातील अनियतकालिकांचे जुने अंक शोधताना प्रस्तुत लेखकास असा अनुभव आला, की ज्या चळवळीवर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो तिचे मूळ अंक ग्रंथालयात अभावानेच मिळतात. जे मिळाले ते बहुतांशी कुणा वाचकाने घरी जपून ठेवले होते म्हणून मिळाले. अनियतकालिकांचा इतिहास अशा रीतीने त्यांच्या वाचकांनी राखला. स्वतंत्र ब्लॉग हा याच वंशातील प्रकार आहे आणि त्याचा वाचक कोणत्या साधनाने घडला हे समजून घेतल्याशिवाय त्याची समीक्षा अपुरी राहील, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे.

उद्दिष्टे

१) स्वतंत्र ब्लॉगचा शोध लागण्याच्या आणि त्याचा पाठपुरावा करण्याच्या पद्धतींचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) फीड रीडर या साधनाचा वाङ्मयप्रकार म्हणून ब्लॉगच्या घडणीशी असलेला संबंध तपासणे.
३) या संदर्भात मराठी समीक्षेची आणि महाविद्यालयीन मराठी विभागांची जबाबदारी सूचित करणे.

पार्श्वभूमी : ब्लॉग आणि फीड

‘वेबलॉग’ ही संज्ञा जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरली आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तिचे ‘ब्लॉग’ असे लघुरूप केले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि ‘वर्डप्रेस’ही त्याच वर्षी उपलब्ध झाले. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या माणसालाही आता स्वतःचे पान उघडून त्यावर दिनांकवार लिहिता येऊ लागले. युनिकोडमुळे देवनागरीचा प्रश्न सुटत गेला आणि मराठीतही ब्लॉग वाढले. ‘अनुदिनी’, ‘जालनिशी’ असे प्रतिशब्द घडवले गेले. रोजनिशीशी असलेले या लेखनाचे नाते त्या शब्दांतून नेमके व्यक्त होत असले, तरी व्यवहारात ‘ब्लॉग’ हाच शब्द रुळला.

ब्लॉगच्या तुलनेत त्याला जोडलेल्या ‘फीड’कडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या कंपनीत डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांनी ‘आरएसएस’ या पद्धतीचे पहिले रूप तयार केले. डिसेंबर २००० मध्ये तिची एक सुधारित आवृत्ती सिद्ध झाली. त्या आवृत्तीच्या कर्त्यांमध्ये चौदा वर्षांचा ॲरन स्वार्ट्‌झ होता. २००२ मध्ये डेव्ह वाइनर यांनी आणखी एक आवृत्ती प्रसिद्ध केली आणि डिसेंबर २००५ मध्ये ‘ॲटम’ हे पर्यायी मानक अधिकृतपणे नोंदले गेले.

तांत्रिक तपशील बाजूला ठेवल्यास कल्पना साधी आहे. प्रत्येक ब्लॉग आपल्या ताज्या नोंदींची एक यादी ठराविक पत्त्यावर ठेवतो. त्या यादीत शीर्षक, दिनांक, दुवा आणि मजकूर किंवा त्याचा अंश असतो. वाचकाचे फीड रीडर हे साधन त्या पत्त्यावर ठरावीक वेळाने जाऊन नवे काही आले आहे का हे पाहते, आणि आले असल्यास वाचकासमोर ठेवते. वाचकाला नाव-पत्ता कळवावा लागत नाही आणि लेखकाला आपला वर्गणीदार कोण हे समजत नाही. वर्गणीवाचून आणि ओळखीवाचून वर्गणीदार होण्याची ही सोय होती.

शोध : एका वाचकाने दुसऱ्याला दाखवलेली वाट

फीड रीडर पाठपुरावा करतो. शोध त्याआधी लागावा लागतो. स्वतंत्र ब्लॉगची जाहिरात होत नाही आणि वृत्तपत्रांत त्याचे परीक्षणही क्वचितच येते. मग तो सापडतो कसा? मुख्यतः तीन वाटा दिसतात. पहिली ‘ब्लॉगरोल’ची. लेखक स्वतः जे ब्लॉग वाचतो त्यांची यादी आपल्या पानाच्या कडेला देतो. दुसरी मजकुरातील दुव्यांची, म्हणजे एका नोंदीत दुसऱ्याच्या नोंदीचा उल्लेख आणि तिथे जाण्याची सोय. तिसरी वाट संकलकाची. मराठीत ‘मराठी ब्लॉग विश्व’ या संकेतस्थळाने नोंदणी झालेल्या ब्लॉगांवरील नवे लेखन एका ठिकाणी दाखवण्याचे काम केले. ते फीडच्या आधारेच चाले.

या तिन्ही वाटांत एक साम्य आहे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी वाचक किंवा वाचकांचा गट निवड करतो आणि ती उघड करतो. ब्लॉगरोल ही वरवर पाहता नावांची यादी असली तरी ती एक वाङ्मयीन विधान असते. आपल्या पानावर कोणाला जागा द्यायची, कोणाला गाळायचे, स्वयंपाकावर लिहिणाऱ्याच्या शेजारी कवीला बसवायचे की नाही, हे अभिरुचीचे निर्णय आहेत. गूगल रीडरमध्ये २०११ च्या अखेरपर्यंत वाचकाला आवडलेली नोंद इतरांसाठी पुढे ठेवता येत असे. तेही लघुरूपातील रसग्रहणच होते.

याच प्रवृत्तीचे अधिक जाणीवपूर्वक रूप ‘रेषेवरची अक्षरे’ या ऑनलाइन दिवाळी अंकात दिसते. २००८ पासून काही वर्षे मराठी ब्लॉगांवरील निवडक लेखन त्यातून एकत्र आणले गेले. वर्षभर वाचलेल्या असंख्य नोंदींतून काही वेचणे ही संपादकीय कृती आहे आणि नियमित पाठपुराव्यावाचून ती अशक्य आहे. दिवाळी अंक हा मराठी वाङ्मयव्यवहाराचा खास प्रकार. विस्कळीत वाटणाऱ्या ब्लॉगलेखनाला आपलीशी चौकट देण्यासाठी तोच निवडला गेला, यात परंपरेचे भान स्पष्ट आहे. समीक्षकांच्या वर्गाने हे काम केले नाही. ते वाचकांमधूनच उभे राहिले, याची नोंद येथे केली पाहिजे.

सातत्य : नोंद आणि मालिका

ब्लॉगलेखनावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा, की ते तात्कालिक, संपादनहीन आणि त्यामुळे वाङ्मयीन मूल्याच्या दृष्टीने कमकुवत असते. सुट्या नोंदीपुरता हा आक्षेप अनेकदा खरा ठरतो. तथापि, सुटी नोंद हा ब्लॉगचा वाङ्मयीन घटक मानावा काय, हाच मुळात प्रश्न आहे. रोजनिशीचे एक पान वाचून रोजनिशीचा निवाडा आपण करीत नाही. ब्लॉगचे खरे एकक म्हणजे त्याचा ओघ होय. एकाच लेखकाचा आवाज काळाच्या ओघात कसा बदलतो, कोणता विषय पुन:पुन्हा परततो, कोणता अचानक सुटतो आणि लेखक केव्हा गप्प होतो, हे सर्व त्या ओघाचे भाग आहेत.

या संदर्भात एक परकीय उदाहरण उद्बोधक ठरेल. ‘रिव्हरबेंड’ या टोपणनावाने एका इराकी तरुणीने ऑगस्ट २००३ मध्ये बगदादमधून इंग्रजी ब्लॉग लिहिण्यास सुरुवात केली. व्यापलेल्या शहरातील वीज, पाणी, नातेवाईक, भीती आणि संताप हे तिच्या लेखनाचे विषय होते. २००५ व २००६ मध्ये हे लेखन ‘बगदाद बर्निंग’ या नावाने दोन भागांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे तिच्या कुटुंबास देश सोडावा लागला. ऑक्टोबर २००७ मध्ये सीरियातील वास्तव्याविषयी एक नोंद आली आणि ब्लॉग थांबला. साडेपाच वर्षे तेथे काहीही आले नाही. एप्रिल २०१३ मध्ये बगदादच्या पाडावास दहा वर्षे झाली त्या वेळी तिने पुन्हा एक नोंद लिहिली.

दोन्ही पुस्तकांत ही नोंद नाही, असणे शक्यही नव्हते. पुस्तकाच्या वाचकासाठी ती कथा २००६ मध्येच संपली. ज्यांनी तो ब्लॉग आपल्या फीड रीडरमधून काढून टाकला नव्हता, त्यांच्यासमोर मात्र ती नोंद आपोआप आली, आणि तिचा अर्थ तिच्यातील शब्दांइतकाच आधीच्या साडेपाच वर्षांच्या मौनातून घडला. हे मौन त्या संहितेचा भाग आहे. कथनमीमांसेत आपण कथनातील काळ आणि कथनाचा काळ यांची चर्चा करतो. येथे वाचकाची प्रतीक्षा हाही त्या काळाचा एक पदर झालेला आहे.

येथे मराठीतील ‘अनियतकालिक’ हा शब्द विशेष उपयुक्त ठरतो. १९५० च्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी काढलेला ‘शब्द’ आणि पुढे आलेली ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी प्रकाशने ‘लिटल मॅगझिन’ म्हणून ओळखली जातात. इंग्रजी संज्ञा आकाराकडे निर्देश करते, तर मराठी संज्ञा काळाकडे. सांगण्यासारखे असेल तेव्हाच अंक काढायचा, हा नियतकालिकाच्या सक्तीला दिलेला नकार तिच्यात आहे. वृत्तपत्रीय सदराला शब्दमर्यादा असते आणि ठरलेला वार असतो. सांगण्यासारखे नसले तरी रविवार येतोच. स्वतंत्र ब्लॉगला ना मर्यादा ना वार. या अर्थाने तो अनियतकालिकाचा थेट वारस आहे.

परंतु अनियतकालिकाची एक अडचण नेहमीच राहिली. पुढचा अंक केव्हा येणार हे माहीत नसेल तर वाचकाने वाट कशी पाहायची? छापील अनियतकालिकांनी ही अडचण मित्रमंडळे, टपाल आणि हस्ते-परहस्ते वाटप यांनी काही प्रमाणात सोडवली. आजचा अंक उद्या आला काय किंवा पाच वर्षांनी आला काय, वाचकाची जागा राखून ठेवण्याचे काम फीड रीडरने केले. लेखकाच्या अनियमित असण्याच्या हक्काला त्यामुळे आधार मिळाला. प्रस्तुत निबंधाच्या दृष्टीने फीड रीडरचे वाङ्मयीन महत्त्व मुख्यतः यातच आहे.

क्रम कोणाचा?

१३ मार्च २०१३ रोजी गूगलने वापर घटल्याचे कारण देऊन गूगल रीडर बंद करण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०१३ रोजी ही सेवा थांबली. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेले हे साधन अनेक वाचकांच्या दृष्टीने ‘फीड रीडर’चा पर्यायच झाले होते. इतर साधने उपलब्ध होती. याद्या ‘ओपीएमएल’ या स्वरूपात उतरवून घेऊन अन्यत्र नेता येत होत्या. तरीही ज्यांनी याद्या उचलून नेल्या नाहीत त्यांची वाचनाची सवय तुटली.

याच काळात वाचनाचा ओढा सामाजिक माध्यमांकडे वळला होता. फेसबुकने २००६ मध्ये आपल्या मुख्य पानाला ‘न्यूज फीड’ असे नाव दिले. शब्द तोच राहिला, पण त्यातील निवडीचा अधिकार बदलला. फीड रीडरमध्ये कोणाचे वाचायचे हे वाचक ठरवतो आणि त्यांचे सर्व लेखन दिनांकाच्या क्रमाने येते. सामाजिक माध्यमावर ज्याला आपण अनुसरतो त्याचेही सर्व लेखन दिसेल अशी शाश्वती नसते. काय आधी, काय नंतर आणि काय मुळीच नाही, हे गणिती नियम ठरवतात. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनीही २०१६ मध्ये कालक्रम मागे टाकून अशीच क्रमवारी आणली. वारंवार लिहिणारा आणि लगेच प्रतिसाद मिळवणारा अशा क्रमवारीत वर राहतो. दोन वर्षांतून एकदा लिहिणारा लेखक तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. अनियतकालिक वृत्तीला या व्यवस्थेत जागा नाही.

वाचनाची वाट कोणाच्या हाती असते, या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात काही निवडक संकेतस्थळे रोखण्याच्या सरकारी आदेशाची अंमलबजावणी करताना अनेक इंटरनेट सेवा पुरवठादारांनी ब्लॉगस्पॉटसारखे संपूर्ण डोमेनच काही दिवस बंद केले. हजारो निरुपद्रवी ब्लॉग भारतातील वाचकांना दिसेनासे झाले. ज्या ब्लॉगचे फीड पूर्ण मजकूर देत होते ते मात्र परदेशी सर्व्हरवरून चालणाऱ्या फीड रीडरमधून वाचता येणे शक्य होते, कारण मजकूर आणण्याचे काम तो सर्व्हर करीत असे. एकच दार बंद झाल्याने वाचन थांबू नये, ही या विकेंद्रित रचनेतील अंगभूत शक्यता त्या आठवड्यात प्रत्ययास आली.

मर्यादा

वरील विवेचनाचा अर्थ फीड रीडर हे निर्दोष साधन होते असा नाही. त्याच्या मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा स्वरूपाची. फीडमध्ये मजकूर येतो, पण लेखकाने योजलेली पानाची मांडणी आणि वाचकांच्या प्रतिक्रिया बहुधा मागे राहतात. ब्लॉग हा संवादी प्रकार मानला तर हे नुकसान लहान नाही. दुसरी मर्यादा वाचकवर्गाची. संगणक, जोडणी आणि तांत्रिक माहिती असलेल्या शहरी किंवा परदेशस्थ मराठी माणसाला हे साधन सहज हाताळता आले, पण ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या ते फारसे वाट्यास आले नाही. त्याच्या हाती मोबाइल आला तेव्हा ब्लॉगचा बहर ओसरत होता आणि त्याचे वाचन व लेखन फेसबुक-व्हॉट्सॲपवरच सुरू झाले. मराठी ब्लॉगच्या ओहोटीस केवळ एका साधनाचे बंद पडणे कारणीभूत होते, असे म्हणणे म्हणूनच अतिव्याप्त ठरेल. लिहिण्याची आणि तत्काळ दाद मिळण्याची सोपी जागा उपलब्ध होणे हेही तितकेच प्रभावी कारण होते.

तिसरी मर्यादा निवडीचीच आहे. स्वतः केलेली निवड स्वतःच्याच अभिरुचीत कोंडू शकते. ब्लॉगरोल एकमेकांकडे बोट दाखवीत वर्तुळ पूर्ण करतात आणि वर्तुळाबाहेरचा लेखक अदृश्य राहतो. अनियतकालिकांच्या चळवळीतही मित्रमंडळांचे असे कोंडाळे होण्याचा धोका होताच. मात्र या दोन कोंडींत फरक आहे. आपली यादी आपल्याला दिसते, तपासता येते आणि बदलता येते. यंत्राने केलेली निवड कशी झाली हे वाचकाला समजत नाही, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नाही.

मराठी समीक्षेपुढील प्रश्न

मराठी समीक्षेने ब्लॉगलेखनाची दखल बहुधा ते पुस्तकरूपाने आल्यावर घेतली. पुस्तकाची वाट पाहणारी समीक्षा रिव्हरबेंडच्या २०१३ मधील नोंदीपर्यंत कधीच पोहोचणार नाही, हे वर पाहिलेच. पोर्तुगीज कादंबरीकार आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी जुझे सारामागो यांनी २००८ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ब्लॉग लिहिण्यास सुरुवात केली, तेव्हा त्याकडे जगाचे लक्ष गेले, कारण नाव आधीच प्रस्थापित होते. ज्याचे नाव प्रस्थापित नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची समीक्षकाची स्वतःची वाट कोणती, हा खरा प्रश्न आहे.

यास जतनाचा प्रश्न जोडलेला आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ ही सेवा अमेरिकेत बंद झाली तेव्हा व्यक्तिगत पानांचे एक मोठे जग नाहीसे झाले. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने आणि काही स्वयंसेवकांनी त्यातील बराच भाग वाचवला, पण सर्व वाचवता आले नाही. मराठी ब्लॉगांच्या बाबतीतही कुणी पत्त्याचे नूतनीकरण केले नाही, कुणी स्वतःच लेखन पुसले, कुणाचे निधन झाले. जुन्या ब्लॉगरोलवरील दुवे आज उघडून पाहिले तर त्यांतील कित्येक कुठेच नेत नाहीत. एम.फिल.च्या वेळी ग्रंथालयातील रिकाम्या कपाटासमोर जो अनुभव आला होता, तोच येथे पडद्यासमोर येतो. फरक इतकाच, की छापील अंक कुणाच्या तरी माळ्यावर सापडण्याची आशा असते. येथे तेवढीही आशा धरता येत नाही.

ही स्थिती पूर्णतः निराशाजनक मात्र नाही. फीडची पद्धती संपलेली नाही. वर्डप्रेस आणि ब्लॉगर यांवरील ब्लॉग आजही फीड देतात आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सबस्टॅक’सारख्या टपालपत्रिकांच्या सेवेतही ती सोय आहे. ‘नेटन्यूजवायर’ हे २००२ मधील साधन २०१९ मध्ये विनामूल्य आणि मुक्त स्वरूपात पुन्हा उपलब्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ऊह डिरेक्टरी’ ही माणसाने निवडलेल्या ब्लॉगांची विषयवार सूची सुरू झाली. इंग्रजीत जुन्या वाटा पुन्हा मळल्या जात आहेत. मराठीतही त्या मळवण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एखाद्या मराठी विभागाने ठरवले तर विद्यार्थ्यांच्या साहाय्याने चालू असलेल्या ब्लॉगांची यादी करणे, ती ‘ओपीएमएल’ स्वरूपात इतर महाविद्यालयांना देणे, वर्षभर वाचून एक निवड सिद्ध करणे आणि लेखकांच्या संमतीने तिची प्रत ग्रंथालयात ठेवणे, हे प्रकल्पाच्या स्वरूपात सहज शक्य आहे. ब्लॉग हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्याला पृष्ठक्रमांक नसतो, असे एका चर्चासत्रात ऐकावे लागले होते. नोंदीला दिनांक असतो आणि कायम पत्ता असतो. तेवढी शिस्त आपल्या जुन्या अनियतकालिकांतही नेहमी सापडत नाही.

निष्कर्ष

१) स्वतंत्र ब्लॉगचा शोध मुख्यतः इतर वाचकांच्या उघड निवडीतून लागतो. ब्लॉगरोल, दुवे आणि संकलने ही प्राथमिक समीक्षेची रूपे मानता येतील.

२) ब्लॉगचे वाङ्मयीन एकक सुटी नोंद नसून दीर्घकालीन ओघ आहे. त्याचे मूल्यमापन सातत्यपूर्ण वाचनानेच शक्य आहे आणि फीड रीडर हे अशा वाचनाचे साधन आहे.

३) फीड रीडरने लेखकाच्या अनियतकालिक असण्याच्या स्वातंत्र्याला आधार दिला. यंत्रनिर्धारित क्रमवारीच्या माध्यमांत हे स्वातंत्र्य संकोचते.

४) वाचकवर्गाची मर्यादा आणि अभिरुचीचे वर्तुळ हे या पद्धतीचे दोष होत. ते मान्य करूनही वाचकाच्या हाती असलेली निवड तपासता आणि सुधारता येते, हा तिचा गुण उरतो.

५) मराठी ब्लॉगलेखनाचा पाठपुरावा, निवड आणि जतन ही मराठी विभागांनी स्वीकारावयाची जबाबदारी आहे.

साठोत्तरी अनियतकालिकांचे अंक त्यांच्या वाचकांनी जपले म्हणून आज आपण त्यांच्याविषयी लिहू शकतो. ब्लॉगच्या वाचकाने जपलेली वस्तू म्हणजे त्याची यादी होय. आपल्यापैकी ज्या प्राध्यापकांकडे अशी एखादी जुनी यादी संगणकाच्या कोपऱ्यात पडून असेल, त्यांनी ती उघडून पाहावी. त्यातील काही पत्ते मृत असतील, काही गप्प असतील आणि एखाद्याने कदाचित कालच काही लिहिलेले असेल.